चित्रप्रदर्शन आणि म्युझियम नीट बघायचं कसं: पुणेकरांसाठी पायरी-पायरीने

पाहुणे आले की केळकर म्युझियम, आणि बालगंधर्वला नाटकाआधी अर्धा तास हातात असला की तिथलं कलादालन, एवढंच आपल्यातल्या बऱ्याच जणांचं बघणं होतं. त्यातही पद्धत ठरलेली. दारातून शिरायचं, पहिल्या वस्तूपासून सुरुवात करायची, पाटी वाचायची, वस्तूकडे एक नजर टाकायची आणि पुढे सरकायचं. तिसऱ्या दालनात पाय बोलायला लागतात, चौथ्यात नुसतं चालणं उरतं, बाहेर आल्यावर काय आवडलं विचारलं की उत्तर येतं 'सगळंच छान होतं'. म्हणजे काहीच लक्षात राहिलेलं नसतं. आणि मग माणूस म्हणतो, मला कलेतलं काही कळत नाही.

कळण्याचा प्रश्नच नाहीये, क्रम उलटा होतो म्हणून हे होतं. आधी नुसतं फिरून घ्यायचं, मग निवडायचं, मग निवांत बघायचं आणि पाटी सगळ्यात शेवटी वाचायची, हा क्रम पाळला तर पहिल्यांदा जाणाऱ्या माणसालाही मजा येते. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये लोक एका चित्रासमोर किती वेळ थांबतात हे मोजलं होतं, त्याचा निकाल २००१ मध्ये छापून आला, सरासरी २७ सेकंद, आणि त्यात पाटी वाचण्याचा वेळसुद्धा धरलेला. तेव्हा हे फक्त आपल्याकडचं आहे असं समजू नका.

## १. आधी ठरवा, म्युझियमला चाललोय की प्रदर्शनाला

हे दोन वेगळे प्रकार आहेत आणि दोन्हीकडे एकाच पद्धतीने वागलं की घोळ होतो.

म्युझियममधल्या वस्तू तिथेच राहणार असतात, या वेळी राहिलं ते पुढच्या वेळी बघता येतं. राजा दिनकर केळकर संग्रहालयात वीस हजारांच्या आसपास वस्तू आहेत, त्यातला थोडाच भाग मांडलेला असतो आणि तो थोडासुद्धा एका फेरीत झेपणारा नाही. तिथे 'सगळं बघून टाकू' म्हणून शिरलात तर हरलातच. दोन दालनं ठरवून जा, किंवा एकच विषय धरा. फक्त दिवे. फक्त अडकित्ते. फक्त वाद्यं.

प्रदर्शन मात्र बहुतेक वेळा चार-आठ दिवसांचं असतं, नंतर ती चित्रं एकत्र पुन्हा दिसतील याची खात्री नाही. पण चित्रं तीस-चाळीस असतात, त्यामुळे एका खेपेत नीट होऊ शकतं. आणि मुख्य म्हणजे चित्रकार स्वतः तिथे बसलेला असतो. घोले रोडचं राजा रवि वर्मा कलादालन, बालगंधर्वचं कलादालन, शनिवार पेठेतलं सुदर्शन, सेनापती बापट रोडच्या बाजूचं दर्पण, कोरेगाव पार्कातलं मोनालिसा कलाग्राम, अशा जागी हे चालू असतं. पेपरातल्या 'आजचे कार्यक्रम'वर आणि या गॅलऱ्यांच्या इन्स्टावर नजर ठेवली की दर आठवड्याला काही ना काही सापडतं, आणि यातल्या बहुतेक प्रदर्शनांना तिकीटही नसतं.

सावध: प्रदर्शनाचा पहिला दिवस आणि शेवटची दुपार टाळा. पहिल्या संध्याकाळी उद्घाटन, भाषणं, पुष्पगुच्छ, ओळखीच्यांची गर्दी, चित्रासमोर उभं राहायला जागा नसते. शेवटच्या दिवशी जेवणानंतर चित्रं उतरवायला सुरुवात झालेली असते. मधल्या कुठल्यातरी वारी दुपारी तीन-चारला जा, हॉल रिकामा असतो आणि चित्रकारालाही बोलायला माणूस हवाच असतो.

## २. घरून निघायच्या आधी

सगळ्यात आधी फोन करा. वेबसाइटवरची वेळ, गूगलवरची वेळ आणि प्रत्यक्षातली वेळ या तीन वेगळ्या असू शकतात. आज उघडं आहे का, शेवटचं तिकीट किती वाजता मिळतं, फोटोला वेगळे पैसे आहेत का, बॅग आत नेता येते का, हे चार प्रश्न विचारा, दोन मिनिटांचं काम आहे. कुठलं दालन दुरुस्तीसाठी बंद असेल तर तेही तेव्हाच कळतं.

मग जायचं कसं. केळकर म्युझियम शुक्रवार पेठेत, बाजीराव रोडच्या आत, नातूबागेजवळ. चारचाकी घेऊन गेलात तर वन-वे आणि पार्किंग यातच अर्धा तास आणि सगळा उत्साह संपतो आणि मग चिडलेल्या डोक्याने दिवे बघायचे, त्यापेक्षा मंडई मेट्रो स्टेशनला उतरून चालत जा किंवा सरळ रिक्षा करा. जंगली महाराज रोडकडे जायचं असेल तर तिकडेही मेट्रो आहेच. आणि गणपतीत पेठेत म्युझियम बघायला जायचा बेत करूच नका, रस्ते बंद असतात.

बरोबर काय घ्यायचं:

- जवळचा चष्मा. हा सगळ्यात जास्त विसरला जातो. पाट्या बारीक अक्षरात आणि मंद उजेडात असतात, चष्मा नसला की पन्नाशीच्या पुढचा माणूस पंधरा मिनिटांत कंटाळतो आणि आपल्याला वाटतं त्याला रस नाही.
- छोटी वही आणि पेन्सिल. पेन नको, बऱ्याच म्युझियममध्ये वस्तूजवळ शाई चालत नाही.
- सवयीच्या चपला किंवा बूट. नवीन कोल्हापुरी त्या दिवशी काढू नका.
- मोठी सॅक नको. मागे वळताना ती काचेला, फ्रेमला लागते आणि आपल्याला कळतही नाही.

आणि खाऊन निघा. रिकाम्या पोटी कुठलंही चित्र चांगलं दिसत नाही, हे मी अगदी गंभीरपणे सांगतेय. त्याचबरोबर भरपेट थाळी खाऊनही जाऊ नका, उभ्याउभ्या डुलकी येते.

तपासा: वेळ विचारली, चष्मा घेतला, बॅग हलकी आहे, आणि आज काय बघायचं नाही हे ठरलंय. शेवटचं झालं नसेल तर दारात उभं राहून ठरवा, पण ठरवा.

## ३. पहिली फेरी: थांबायचं नाही

आत गेल्यावर दहा मिनिटं नुसतं फिरायचं. एकही पाटी वाचायची नाही, एकाही चित्रापुढे उभं राहायचं नाही. पुस्तकाच्या दुकानात शिरल्यावर आपण पहिल्या कपाटातलं पहिलं पुस्तक उघडून वाचायला बसत नाही, आधी एक चक्कर मारतो, तसंच.

या फेरीत दोन कामं होतात. एक म्हणजे जागा कळते, बाक कुठे, पाणी कुठे, किती दालनं, कुठे गर्दी. दुसरं जास्त महत्त्वाचं, डोळे उजेडाला सरावतात. कागदावरची चित्रं, जलरंग, जुनी कापडं यांच्यावर प्रकाश मुद्दाम कमी ठेवतात, साधारण ५० लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक), कारण प्रकाशाने रंग उडतो आणि उडालेला रंग परत येत नाही. तैलचित्रांना साधारण २०० लक्सपर्यंत चालतं. बाहेरच्या उन्हातून आलेल्या डोळ्यांना ५० लक्स म्हणजे अंधारच वाटतो. लोक म्हणतात 'लाइट नीट नाहीत इथे', पण पाच-सात मिनिटं दिली की त्याच उजेडात दिसायला लागतं.

फिरताना मनातल्या मनात खूण करत जा, हे ओढून घेतंय, हे बघावंसं वाटतंय, हे अजिबात आवडलं नाही. हो, नावडलेलंही एक धरायचं.

## ४. निवडा: चार, फार तर पाच

फेरी संपली की बाकावर बसा आणि ठरवा. तीन आवडलेल्या वस्तू किंवा चित्रं, एक न कळलेलं, एक नावडलेलं. झालं. एवढीच आजची यादी. बाकीचं जाता येता दिसेल तेवढं दिसेल.

इथे लोकांना फार अपराधी वाटतं, तिकीट काढलंय, एवढ्या लांब आलोय, बाकीचं सोडायचं? सोडायचं. चाळीस चित्रं प्रत्येकी वीस सेकंद बघितलीत तर उद्या एकही आठवणार नाही, पाच चित्रं प्रत्येकी सहा-सात मिनिटं बघितलीत तर पाचही आठवतील, वर्षभराने सुद्धा. आणि ग्रुपने गेला असाल तर प्रत्येकाची यादी वेगळी असू द्या, सगळ्यांनी एका घोळक्यात एकाच चित्रापुढे उभं राहून काही साध्य होत नाही. वेगवेगळे जा, अर्ध्या तासाने भेटा, मग एकमेकांना आपापलं एक चित्र दाखवा.

## ५. प्रत्यक्ष बघणं

आता मुख्य काम. हे चित्राला आणि वस्तूला वेगळं आहे, म्हणून वेगळं लिहिते.

### चित्रासमोर

पहिलं, अंतर. चित्राच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतची जी लांबी असेल त्याच्या दीडपट-दुप्पट मागे उभे राहा, तिथून सगळं चित्र एका नजरेत मावतं. काचेवर ट्यूबलाइट चमकत असेल तर डोकं वाकडं करत बसू नका, एक पाऊल बाजूला सरका. मग जवळ जा, पण हात मागे बांधून, म्हणजे बोट दाखवायच्या नादात चित्राला लागत नाही. मग परत मागे या. पुढे-मागे असं दोन-तीनदा केल्याशिवाय चित्र उलगडत नाही. जवळून जो नुसता रंगाचा फराटा असतो तो चार पावलं मागे आलं की ओला रस्ता होतो, आणि ही गंमत मोबाईलवरच्या फोटोत येऊच शकत नाही. आपण घरून उठून इथे यायचं कारणच ते आहे.

दुसरं, डोळा कुठे गेला. चित्र बघितल्या बघितल्या नजर पहिल्यांदा कुठे पडली आणि तिथून कुठे सरकली हे स्वतःला विचारा. ते आपोआप होत नाही, चित्रकाराने घडवलेलं असतं. सगळ्यात उजळ जागा सगळ्यात गडद जागेला कुठे भिडवलीय ते शोधा, बहुतेक वेळा नजर तिथेच गेलेली असते.

तिसरं, उजेड कुठून येतोय. सावल्या कुठल्या बाजूला पडल्यात, दिवसाची वेळ कुठली असेल.

चौथं, काय करताना त्रास पडला असेल. पुण्यात जलरंगाची प्रदर्शनं खूप होतात, वाडे, घाट, पावसातल्या पेठा. जलरंगात पारंपरिक पद्धतीने काम केलं असेल तर पांढरा रंग लावत नाहीत, तो कोरा कागदच असतो. म्हणजे ओल्या रस्त्यावरची ती चमक, म्हातारीच्या लुगड्यावरची ती उन्हाची तिरीप, तेवढी जागा आधीपासून वाचवून ठेवलेली आहे, भोवती ब्रश फिरवलाय. हे माहीत झालं की जलरंगाच्या चित्रात आधी पांढरं शोधायची सवय लागते, आणि मग ती सवय सुटत नाही. तैलरंगाचं उलट, तो हळू वाळतो, त्यामुळे गालावरची छटा गळ्याकडे कुठे गडद झाली ती रेघ सापडतच नाही. ॲक्रिलिक पटकन वाळतं, कडा धारदार येतात.

### वस्तूसमोर

केळकर म्युझियममध्ये चित्रांपेक्षा वापरातल्या वस्तू जास्त, आणि तिथे 'काय सुंदर नक्षी!' एवढं म्हणून लोक पुढे जातात. वस्तू बघताना एकच प्रश्न धरा: ही हातात कशी धरत असतील?

अडकित्ता घ्या. मूठ मोर, पोपट, घोडा, नाहीतर जोडप्याच्या आकाराची केलेली असते, ती बघून झाली की खिळा शोधा, दोन पाती जिथे जोडली आहेत ती जागा. ती ढिली झालीय का, घासलीय का. पात्याची धार शाबूत आहे का. मग कळतं की हा रोज सुपारी कातरणारा होता की ताटात मिरवायचा. दिव्यात तेल कुठे ओतायचं, वात कुठे यायची, लामणदिवा असेल तर साखळी कुठे अडकवायची, आणि तेल ठिबकलं तर खाली कुठे जमायचं. दारासमोर उभे राहिलात तर कडीची उंची बघा. असं बघत गेलं की ती वस्तू वापरणारा माणूस हळूहळू समोर उभा राहतो, नक्षी नंतर दिसते आणि जास्त चांगली दिसते.

चित्रकथीची चित्रं दिसली तर तिथे जरूर थांबा. ही भिंतीवर टांगायला केलेलीच नव्हती. कथा सांगणारा एकेक चित्र लोकांसमोर धरायचा, गाणं चालू, बाजूला दिवा, आणि रामायणातला नाहीतर महाभारतातला प्रसंग पुढे सरकायचा. सिंधुदुर्गात कुडाळजवळच्या पिंगुळीला ठाकर समाजात ही परंपरा आहे. म्हणून आकृत्या मोठ्या, चेहरे बाजूने, डोळे टपोरे, बारीकसारीक तपशील कमी, कारण लांब बसलेल्या माणसाला रात्रीच्या उजेडात दिसायला हवं. तेव्हा अगदी काचेला नाक लावून नको, उलट सहा-सात पावलं मागे जाऊन डोळे किलकिले करून बघा, तेव्हा ती बोलायला लागतात.

काचेवरचं जुनं चित्र असेल तर एवढं लक्षात ठेवा की ते काचेच्या मागच्या बाजूने, उलट क्रमाने रंगवलेलं असतं. आधी दागिने, डोळ्यातली बुबुळं, मग चेहरा, सगळ्यात शेवटी मागची पार्श्वभूमी. चुकलं तर वरून रंग देऊन झाकायची सोय नाही. हे डोक्यात ठेवून नथीतले मोती बघा.

मस्तानी महालाचा भाग बघायला सगळे घाई करतात. तो कोथरूडहून आणून इथे पुन्हा उभारलाय. तिथे गर्दी झाली असेल तर आधी दुसरं उरकून परत या, जागा रिकामी असताना ती जागा म्हणून कळते, माणसांच्या डोक्यांमधून नाही.

सावध: हात लावू नका, पितळेलाही नाही, दगडालाही नाही. 'एवढ्याने काय होतंय' म्हणून लोक लावतात. बोटांवरचा घाम आणि तेल धातूवर डाग धरतं, आणि रोज शंभर माणसांनी 'एवढ्याने' केलं की कोपरे काळे पडतात, नक्षी झिजते.

## ६. आता पाटी वाचा

बघून झालं, मनात काहीतरी अंदाज बांधला, आता पाटी. अंदाज चुकला तरी फायदाच, चुकलेलं जास्त लक्षात राहतं. पाटी आधी वाचली की डोळे फक्त पाटीत लिहिलेलं शोधत बसतात.

पाटीवर काय बघायचं: चित्रकाराचं नाव, साल, माध्यम, आकार. आकारात आधी उंची आणि मग रुंदी असते. शेवटी एखादा आकडा असेल तर तो बहुतेक वेळा म्युझियमच्या नोंदीचा असतो, आपल्याला त्याचा उपयोग एवढाच की नंतर त्या वस्तूबद्दल विचारायचं असेल तर तो नंबर सांगता येतो, म्हणून पेन्सिलीने उतरवून घ्या.

माध्यमाची ओळ कधीही सोडू नका. रवि वर्माच्या नावाखाली घरोघरी टांगलेल्या लक्ष्मी-सरस्वती म्हणजे छापील चित्रं, ओलिओग्राफ. त्यासाठी रवि वर्मांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. छापील आणि हाताने रंगवलेलं यातला फरक ओळखायचा असेल तर अगदी जवळून चेहऱ्याकडे बघा, छापीलमध्ये बारीक ठिपके ठिपके दिसतात आणि खालच्या पट्टीवर बऱ्याचदा छापखान्याचं नाव असतं. आणि छापील म्हणजे कमअस्सल असं समजू नका, महाराष्ट्रात देवांचे चेहरे कसे असतात हे आपल्या डोक्यात याच छापील चित्रांनी बसवलंय.

हल्लीच्या प्रदर्शनात खाली पेन्सिलीने ७/२५ असं लिहिलेलं दिसलं तर ते ठशाचं काम आहे, पंचवीस प्रती काढल्या त्यातली ही सातवी. ती फोटोकॉपी नव्हे, चित्रकाराने स्वतः ठसा तयार करून छापलेली असते. धातूच्या पत्र्यावरून छापलं असेल तर चित्राभोवती कागदात दबलेली चौकट दिसते, ती शोधा.

## ७. 'यात काय आहे तेच कळत नाही' अशा चित्रापुढे

अमूर्त चित्रापुढे आपण दोनच गोष्टी करतो, एकतर पटकन पुढे जातो नाहीतर त्यात हत्ती, चेहरा, डोंगर असं काहीतरी शोधतो. दुसरं तर करूच नका, सापडला की बघणं तिथेच थांबतं.

त्याऐवजी असं करा. सगळ्यात वरचा थर कुठला आणि सगळ्यात खालचा कुठला ते शोधा. खालचा रंग कुठून डोकावतोय? कडेला बघा, चौकटीजवळ रंग कसा संपलाय, बऱ्याच चित्रांच्या कडा सगळं सांगून टाकतात. खरवडलंय, पुसलंय, ओतलंय, की ब्रशने लावलंय? अमूर्त चित्रांसाठी नावाजलेले वासुदेव गायतोंडे, जन्म नागपूरचा, १९२४, ते रोलर आणि पॅलेट नाइफने (रंग लावायच्या पातळ सुरीने) थरावर थर देत, काढत, परत देत काम करायचे, आणि त्यांच्या चित्रापुढे दोन मिनिटांत काहीच घडत नाही. पाच मिनिटांनी आतून उजेड यायला लागतो. म्हणून अमूर्त चित्र असेल तर बाक असेल तिथून, बसून बघा.

पाच मिनिटं देऊनही काही वाटलं नाही तर नाही वाटलं, पुढे जा. नावडण्याचा पूर्ण हक्क आहे आपल्याला. फक्त 'मला आवडलं नाही' च्या पुढे एक वाक्य जोडा, का नाही. रंग अंगावर येतात, रेषा लुळी वाटते, सगळं एकसारखंच आहे, काहीही. ते एक वाक्य सापडलं की आपल्याला काय आवडतं तेही कळायला लागतं.

## ८. चित्रकार समोर बसलाय, बोला की

पुण्यातल्या प्रदर्शनांचं हे सगळ्यात मोठं सुख आहे आणि तेच आपण वाया घालवतो. चित्रकार कोपऱ्यातल्या टेबलाशी बसलेला असतो, आपण नजर चुकवून भिंतीकडेने निघून जातो, त्याला वाटतं यांना आवडलं नाही.

आधी चित्रं बघून घ्या, मग त्यांच्याकडे जा, नमस्कार करा आणि एखाद्या ठरावीक चित्राबद्दल विचारा. 'याचा अर्थ काय' हा प्रश्न नको, याला कुठलाच चित्रकार नीट उत्तर देऊ शकत नाही. 'याची सुरुवात कुठून केलीत?', 'झालं, आता थांबायचं, हे कसं ठरवलंत?', 'यातलं सगळ्यात त्रासाचं कुठलं गेलं?', 'कागद कुठला आहे?' असे हाताने केलेल्या कामाचे प्रश्न विचारा, माणूस खुलतो, उठून चित्रापाशी येऊन दाखवतो.

'आमचा बंड्या पण असंच काढतो' हे कौतुक म्हणून सुद्धा म्हणू नका. पहिलाच प्रश्न किमतीचा नको. पण घ्यायचं मनात असेल तर लाजायचंही कारण नाही, टेबलावर किमतीची यादी असते ती मागा. चित्राच्या पाटीवर लाल टिकली असेल तर ते विकलं गेलंय. घेणार असाल तर फ्रेम धरून किंमत आहे का, बिल आणि सहीचं प्रमाणपत्र मिळेल का, चित्र कधी न्यायचं हे आधी विचारा, सहसा प्रदर्शन संपल्यावरच देतात.

आणि अभिप्रायाची वही. त्यात 'खूप छान, पुढील वाटचालीस शुभेच्छा' पानोपानी असतं. तुम्ही कुठलं चित्र आणि त्यातलं काय आवडलं ते एका ओळीत लिहा. 'दारात वाळत घातलेल्या चादरीचं चित्र, तिची खालची कड' एवढं लिहिलंत तरी बास, चित्रकार घरी जाऊन ती ओळ शोधून वाचतो.

## ९. फोटो

परवानगी विचारून, फ्लॅश बंद करून, आणि बघून झाल्यावर. हा क्रम महत्त्वाचा, कारण फोटो काढला की मेंदूला वाटतं काम झालं, घरी जाऊन बघू. घरी कोण बघतं. प्रत्येक वस्तूच्या फोटोनंतर लगेच तिच्या पाटीचा फोटो काढा म्हणजे महिन्याने नाव शोधत बसावं लागत नाही. प्रदर्शनातलं चित्र स्टेटसला टाकताना चित्रकाराचं नाव लिहा, पूर्ण चित्र टाकण्याआधी त्यांना विचारा. चित्राकडे पाठ करून सेल्फी घेताना मागे सरकत जाऊ नका, फ्रेम पडतात त्या अशाच.

## १०. मुलं आणि आजी-आजोबा बरोबर असतील तर

मुलांना माहिती सांगत बसू नका. काम द्या. केळकर म्युझियममध्ये 'पाच वेगवेगळे प्राणी शोध, पण दिव्यांवरचेच', चित्रप्रदर्शनात 'तुला घरी न्यायला एकच चित्र दिलं तर कुठलं, आणि लावशील कुठे'. वहीत एक वस्तू काढायला लावा, वाईट काढली तरी चालेल, काढताना जेवढं बघितलं जातं तेवढं एरवी होत नाही. आणि एकदा त्यांच्या उंचीला खाली बसून बघा, बऱ्याच काचा त्या उंचीवरून नुसत्या चमकतात, मुलं कंटाळतात त्याचं कारण कधी कधी एवढंच असतं. पाऊण तास झाला की बाहेर, रडायला लागायच्या आधी.

आजी-आजोबांच्या बाबतीत फोनवरच विचारा, जिने किती, बसायला बाक आहेत का. आणि वापरातल्या वस्तूंच्या दालनात त्यांना पुढे करा, पाटीपेक्षा जास्त त्यांना माहीत असतं, ते बोलायला लागले की आपण गप्प बसून ऐकायचं.

तपासा: तासाभराने स्वतःला विचारा, आत्ता बघितलेल्या शेवटच्या चित्रात कुठला रंग होता? आठवत नसेल तर थकलात. पाणी प्या, दहा मिनिटं बसा, तरी जमत नसेल तर निघा.

## ११. पुण्याबाहेर जायचं असेल तेव्हा

हे सगळं पुण्यात दोन-तीनदा करून झालं की मुंबईला एक दिवस काढा. डेक्कन क्वीन पुण्याहून सकाळी सव्वासातला, परत येताना सीएसएमटीहून संध्याकाळी पाच दहाला. मधले सहा-साडेसहा तास मिळतात आणि काळा घोड्याला जहांगीर कलादालन, छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालय आणि राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय तिन्ही एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर. पण तिन्ही करू नका. वास्तुसंग्रहालयात फक्त लघुचित्रांचं दालन, मग जेवण, मग जहांगीर, तिथे तसंही तिकीट नाही. सोमवारी जाऊ नका, राष्ट्रीय आधुनिक बंद असतं. भायखळ्याचं भाऊ दाजी लाड धरायचं असेल तर बुधवार टाळा.

आणि गाडी असेल तर औंधला जा, श्री भवानी संग्रहालयाला. औंधच्या पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये उघडलेलं, एवढ्याशा गावात रवि वर्मांची चित्रं आहेत, चित्रकार धुरंधरांची आहेत, आणि इंग्लिश शिल्पकार हेन्री मूरचं दगडातलं आई-मुलाचं शिल्पसुद्धा. त्या एका शिल्पाभोवती फिरत अर्धा तास काढला तरी प्रवास वसूल. जाण्याआधी फोन करायचाच, आणि मॅपवर नुसतं 'औंध' टाकू नका, ते परिहार चौकात नेऊन सोडेल. हे औंध सातारा जिल्ह्यातलं, खटाव तालुक्यातलं, त्यामुळे संग्रहालयाचं पूर्ण नाव टाकून सकाळी लवकर निघा.